बारोलो आणि बार्बारेस्को: ‘एकच वाइन, दोन लेबलं’ हे खरं नाही

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला निदान चार जणांनी पाठवला. वाइनबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, त्यामुळे जे लिहिलं जातं ते तपासायच्या आधीच चार गटांत पोचलेलं असतं. मजकुराचा सारांश असा: इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या बारोलो आणि बार्बारेस्को या दोन महागड्या लाल वाइन म्हणजे प्रत्यक्षात एकच वाइन. द्राक्ष एकच, नेबिओलो. गावं शेजारशेजारची. फरक फक्त किती महिने मुरवायची या नियमाचा. बाकी सगळी चव वाइन करणाऱ्याच्या हातात. मातीची चव वाइनमध्ये उतरते हे विज्ञानाने खोटं ठरवलंय, ब्लाइंड टेस्टिंगमध्ये, म्हणजे बाटली न दाखवता चव ओळखायला लावली की, तज्ज्ञसुद्धा फसतात, आणि ‘टेरवार’ हा शब्द बाटलीची किंमत चढवायला अलीकडे काढलेला आहे. शेवटी सल्ला, की नाशिकवाल्यांनी तरी या नादाला लागू नये.

मी निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरातला. पुढे वाइनच्या द्राक्षांचं काम शिकलो आणि दोन हंगाम ऑक्टोबरमध्ये लांगेच्या टेकड्यांवर खुड्याला होतो. लांगे म्हणजे बारोलो आणि बार्बारेस्को ज्या डोंगराळ पट्ट्यात पिकतात तो. त्या उतारांवर पाठ मोडेपर्यंत काम केलेलं असल्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवलं नाही. त्यातले काही मुद्दे अर्धे खरे आहेत आणि ते अर्धं मी मान्यच करणार आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

टेरवार हा शब्द फ्रेंच आहे. एखाद्या जागेची माती, उतार, उंची, ऊन, वारा, पाणी, आणि ती जागा ओळखून तिथे पिढ्यान् पिढ्या बाग धरणारी माणसं, या सगळ्याचा मिळून पिकावर जो ठसा उमटतो तो टेरवार. आमच्याकडे म्हातारी माणसं ‘त्या वावराचा गुणच तसा’ म्हणतात, ते हेच.

‘द्राक्ष एकच आणि गावं शेजारशेजारची, मग फरक येणार कुठून?’

आधी नकाशा बघू. मधोमध आल्बा हे शहर. (फेरेरो कंपनीचं मूळ गाव ते हेच. न्युटेला इथली, आणि याच कंपनीचा एक कारखाना आपल्या बारामतीत आहे.) आल्बाच्या नैर्ऋत्येला बारोलोचा पट्टा, अकरा गावांचा. ईशान्येला बार्बारेस्कोचा, बार्बारेस्को, नेइवे, त्रेइझो ही तीन गावं आणि आल्बाच्या हद्दीतला एक तुकडा. क्षेत्र बारोलोच्या साधारण एक तृतीयांश. एका पट्ट्यातून दुसऱ्यात गाडीने जायला अर्धा तास लागतो. मजकूर लिहिणाऱ्याला हे अंतर नगण्य वाटतं. सपाट जमिनीवर ते कदाचित नगण्य असेलही, पण लांगेत सपाट असं काही नाही. बारोलोच्या पट्ट्यातलं ला मोर्रा गाव 513 मीटर उंचीवर आहे आणि बार्बारेस्को गाव 274 मीटरवर. तानारो नदी बार्बारेस्को गावाच्या कड्याला अगदी खेटून वाहते, तिच्यामुळे त्या बाजूच्या उतारांवर हवा थोडी उबदार राहते आणि द्राक्षं सहसा काही दिवस आधी पिकतात.

काही दिवसांनी काय बिघडतं, असं कोणी विचारेल. नेबिओलोच्या बाबतीत बरंच बिघडतं. या वेलीला डोळे सगळ्यांच्या आधी फुटतात आणि माल सगळ्यांच्या शेवटी पिकतो. दोल्चेत्तो आणि बार्बेरा या तिथल्याच दुसऱ्या जातींचे खुडे उरकलेले असतात तेव्हा नेबिओलो अजून वेलीवर लोंबत असते, बऱ्याचदा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. नेबिओलो हे नावच ‘नेब्या’ म्हणजे धुक्यावरून पडलं, असं बहुतेकजण मानतात. आम्ही सकाळी कात्र्या घेऊन बागेत उतरायचो तेव्हा खालची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असायची आणि आमच्या ओळीतल्या वरच्या वेलींवर ऊन पडलेलं असायचं. त्याच बागेच्या खालच्या ओळींना ऊन मिळायला दहा वाजायचे. वरच्या ओळीतला मणी आणि खालच्या ओळीतला मणी तोंडात टाकला की सालीचा तुरटपणा वेगळा लागायचा. तीही एकच जात होती, एकाच मालकाची बाग होती, आणि अंतर होतं साठ-सत्तर पावलांचं.

राहिलं ‘द्राक्ष एकच’. नियमानुसार दोन्ही वाइन शंभर टक्के नेबिओलोच्याच करायच्या असतात. फरक नसल्याचा हा पुरावा आहे असं मजकूर म्हणतो. उलट तुलना शक्य होते ती यामुळेच. फ्रान्समधल्या बोर्दोत एकजण मर्लो जास्त घालतो, दुसरा कॅबरने, मग चव जातीमुळे बदलली की जमिनीमुळे हे सांगणं अवघड होतं. इथे जात कायम आहे. बदलतात ते उतार आणि माती.

आता माती. लांगे म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. मुख्य थरांचं वय साधारण 70 लाख ते 1 कोटी 40 लाख वर्षं. जमिनीत ठिकठिकाणी जी सापडते ती चुनखडी मिसळलेली चिकणमाती, भूगर्भशास्त्रात तिला मार्ल म्हणतात. ओली असताना निळसर राखाडी दिसते, बुटाला किलोकिलोने चिकटते. वाळली की पांढुरकी होते आणि बोटांनी पापुद्रे निघतात. आमच्या खोलीवर एकदा मी बागेतलं ढेकूळ बशीत ठेवून त्यावर लिंबू पिळलं होतं. ते बारीक आवाज करत फेसाळलं. माझ्या वडिलांनी निफाडला मातीवर अॅसिडचे थेंब टाकून असाच फेस बघितलेला आहे, आणि फेस आला की त्यांचा चेहरा उतरायचा. चुनखडीच्या जमिनीत आमच्या बागेची पानं पिवळी पडतात, लोह मिळत नाही. तिथे मात्र त्याच फेसाला मान आहे.

पण सगळीकडे माती सारखी नाही. ला मोर्रा आणि बारोलो गावांच्या बाजूला सांताआगाता नावाचा निळसर मार्ल आहे, तुलनेने नवा, मऊ, गाळवट. पूर्वेला सेरालुंगाच्या लांबट डोंगरधारेवर लेक्वियो नावाचा थर आहे, त्यात मार्ल आणि घट्ट वालुकाश्म यांचे एकाआड एक पट्टे, चुनखडी जास्त, जमीन जास्त गरीब. मधल्या कास्तिल्योने फालेत्तो आणि मोनफोर्तेच्या काही भागांत दियानोचा वालुकाश्म डोकं वर काढतो. आल्बाहून बारोलोला जाणारा रस्ता ज्या दरीतून जातो, तीच या दोन जगांमधली हद्द असं तिथले लोक सांगतात. ला मोर्राची बारोलो लवकर खुलते, गुलाबपाकळ्यांचा वास पुढे येतो, तुरटपणा बारीक असतो. सेरालुंगाची बारोलो पहिली काही वर्षं हिरड्या आखडून टाकते आणि वीस-वीस वर्षं टिकते.

या मजकुराने, आणि मजकुराला विरोध करणाऱ्या बऱ्याच जणांनीही, इथेच चूक केली आहे. सगळे बारोलो विरुद्ध बार्बारेस्को अशी तुलना मांडून बसतात. एक राजा, दुसरी राणी, असं तर वाइनच्या दुकानातही ऐकायला मिळतं. जमीन ही नावं पाळत नाही. बार्बारेस्को गावाच्या आसपासही तोच सांताआगाताचा मार्ल आहे जो ला मोर्रात आहे. त्यामुळे ला मोर्रातली बारोलो आपल्याच पट्ट्यातल्या सेरालुंगापेक्षा शेजारच्या पट्ट्यातल्या बार्बारेस्कोच्या जवळची लागली तर त्यात नवल नाही. त्रेइझोच्या उंच भागात लेक्वियोच्या जातीची माती आहे, पण म्हणून तिथे सेरालुंगा पिकत नाही. तिथे उंची आणि गारवा जास्त, वाइन सडपातळ आणि आंबटसर होते. नुसती माती सगळं ठरवत नाही, नुसती उंचीही ठरवत नाही. म्हणून दोन नावांमध्ये एक ठळक रेघ शोधली की ती सापडत नाही, आणि सापडली नाही की माणूस म्हणतो, फरकच नाही. फरक आहे, फक्त तो रेघेपेक्षा बारीक आहे. तो टेकडीगणिक आहे.

तानारोच्या पलीकडे रोएरो आहे, तिथेही नेबिओलोच. मजकुरात त्याचं नावसुद्धा नाही. पलीकडची जमीन वयाने नवी आणि वाळूची. वाइन हलकी, सुवासिक, लवकर प्यायला तयार होणारी. ही नदी पूर्वी ब्रा गावाजवळून सरळ उत्तरेला जायची. पुढे तिने पात्र बदललं, ती पूर्वेला वळली आणि तिच्या नव्या पात्राने लांगे आणि रोएरो वेगळे केले. आज बारोलो-बार्बारेस्को एका काठावर आणि रोएरो दुसऱ्या काठावर आहेत ते त्यामुळे.

‘फरक फक्त मुरवण्याच्या मुदतीचा आहे’

बारोलो कमीत कमी 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडात. बार्बारेस्को 26 महिने, लाकडात 9. मजकुरातले हे आकडे बरोबर आहेत. पण त्याच नियमावलीतलं पुढचं वाक्य त्यात नाही. बार्बारेस्को रिझेर्वा, म्हणजे याच वाइनचा जास्त मुरवलेला प्रकार, 50 महिने मुरवतात, म्हणजे साध्या बारोलोपेक्षा पूर्ण वर्षभर जास्त. मुदतीनेच चव ठरत असती तर बार्बारेस्को रिझेर्वा ही बारोलोपेक्षा जास्त बारोलो झाली असती. तशी ती कधी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. बारोलोच्या नियमावलीत मुदतीबरोबरच असंही लिहिलंय, की दरीच्या तळाची, ओलसर, सपाट आणि पुरेसं ऊन न मिळणारी जमीन या वाइनसाठी चालणार नाही. जागेने काही फरक पडत नसता तर कायद्याला जमीन नाकारायची गरजच पडली नसती.

‘चव ठरवतो तो वाइन करणारा, जमीन नाही’

हा मजकुरातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

1894 साली दोमित्सियो काव्हात्सा यांनी बार्बारेस्कोत शेतकऱ्यांची एक सहकारी वाइनरी काढली. ते आल्बाच्या सरकारी द्राक्ष-वाइन शाळेचे मुख्याध्यापक होते. त्याआधी या गावातली द्राक्षं बहुतेक वेळा बारोलोच्या उत्पादकांना विकली जायची, बार्बारेस्को हे नाव वाइनला मिळालं ते त्यांच्यामुळे. पुढे ती वाइनरी बंद पडली. 1958 साली गावच्या धर्मगुरूंनी, दॉन फिओरिनो मारेंगो यांनी, 19 शेतकऱ्यांना एकत्र आणून पुन्हा सहकारी संस्था उभी केली. पहिले तीन हंगाम त्यांनी चर्चच्या तळघरात वाइन केली. आज तिचे सुमारे 50 सभासद आहेत आणि तिचं नाव आहे प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को. सहकारी साखर कारखान्यांच्या राज्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून आपलेपणा वाटतो. मला तरी वाटला.

या संस्थेने 1967 पासून एक काम सातत्याने केलंय. चांगल्या वर्षी ती नऊ वेगवेगळ्या उतारांची वाइन वेगवेगळी भरते: आझिली, राबाया, पोरा, मोन्तेस्तेफानो, मोन्तेफिको, ओवेल्लो, पाये, मुनकागोता, रिओ सोर्दो. नवांचीही कृती सारखीच. तळघर तेच, हात तेच, मोठी लाकडी पिंपं तशीच, मुरवण्याची मुदत तीच, साल तेच. माणसाने करायचं ते सगळं नऊ वेळा सारखं केलंय. बदलली आहे ती फक्त टेकडी.

मजकुराचं म्हणणं खरं असेल तर या नऊ बाटल्यांत एकच वाइन हवी.

मी त्यातल्या तीन एका वेळी, एकाच सालच्या, शेजारी ठेवून प्यायलोय. पोरा नदीजवळची. तिचा पहिला घोट गोलसर, मऊ, आत्ता प्यायला तयार. आझिली रंगाला तितकीच फिकट, पण वास आधी पोचला, ग्लास नाकाशी यायच्याही आधी. वाळलेले गुलाब, आंबट चेरी, आणि तुरटपणा इतका बारीक की तो कुठे सुरू झाला ते कळू नये. मोन्तेस्तेफानोचा वास पहिला अर्धा तास आलाच नाही. तोंडात घेतली तर गाल आत ओढले गेले. डांबराचा, ओल्या मातीचा वास खूप उशिरा वर आला. बार्बारेस्कोतल्या वाइनमध्ये बारोलोच्या सगळ्यात जवळची म्हणून मोन्तेस्तेफानोचं नाव घेतलं जातं. राणी म्हणवल्या जाणाऱ्या पट्ट्यातली ही टेकडी भल्याभल्या राजांपेक्षा करारी आहे. मला तिघांतली कुठली आवडली असं विचाराल तर आझिली, पण रात्री जेवणाबरोबर बाटली संपली ती मोन्तेस्तेफानोची.

दुसरा पुरावा नेइवेतला. ब्रुनो जाकोझा हे नेइवेचे वाइनकार, 2018 मध्ये गेले. ते बार्बारेस्को पट्ट्यातल्या आझिलीची वाइन करायचे आणि सेरालुंगातल्या फालेत्तोची बारोलोही करायचे. एकाच माणसाचा हात, एकच विचार. त्यांच्या या दोन वाइन एकच आहेत असं वाइन पिणाऱ्या कोणालाही मी आजवर म्हणताना ऐकलेलं नाही.

आता मान्य करायचं ते. वाइन करणारा पुष्कळ काही बदलू शकतो, बिघडवूही शकतो. 1980 आणि 90 च्या दशकांत लांगेत यावरून मोठी भांडणं झाली. एका बाजूला रस महिनाभर सालांसकट ठेवणारे आणि मोठ्या जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवणारे. दुसऱ्या बाजूला थोड्या दिवसांत सालं काढून 225 लिटरच्या नव्या फ्रेंच ओक पिंपांत (फ्रेंचमध्ये ‘बॅरिक’) वाइन घालणारे. त्या काळातल्या काही बाटल्यांत व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा वास इतका पुढे असायचा की खाली कुठली टेकडी आहे ते शोधून सापडत नसे. मजकूर लिहिणाऱ्याने अशाच बाटल्या चाखल्या असतील तर त्याचा समज कसा झाला ते मला समजतं. पण झाकलं गेलं याचा अर्थ मुळात नव्हतं असा होत नाही. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांनी नव्या लाकडाचं प्रमाण कमी केलं, आणि टेकड्या परत ओळखू यायला लागल्या.

कोणी म्हणेल, जुने लोक तर सगळ्या टेकड्यांची द्राक्षं एकत्र करायचे, त्यांना कुठे टेरवारची पडली होती? बारोलोचे जुन्या वळणाचे वाइनकार बार्तोलो मास्कारेल्लो यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्यांनी शेवटपर्यंत एका टेकडीची वेगळी बारोलो भरली नाही. कान्नुबी, सान लोरेन्झो, रुए आणि ला मोर्रातली रोक्के या चार जागांची द्राक्षं ते एकत्र करायचे. पण एकत्र का करायचे? एका जागेत जे कमी पडतं ते दुसरीतून येतं, म्हणून. चारही सारख्या असत्या तर मिसळून हाताला काही लागलं नसतं. गोडा मसाला करणारी बाई धने आणि दगडफूल एकत्र भाजते म्हणून तिला दोन्ही सारखेच वाटतात असं कोणी म्हणत नाही.

‘मातीची चव वाइनमध्ये येते हे विज्ञानाने खोटं ठरवलंय’

हे वाक्य जसंच्या तसं मला मान्य आहे. चुनखडीच्या जमिनीतली वाइन चुन्यासारखी लागत नाही. वेलीची मुळं दगड शोषत नाहीत. पाण्यात विरघळलेली पोटॅशियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्यं ती थोड्या प्रमाणात घेतात, आणि त्यांना ग्लासात कळेल अशी चव नसते. वाइनमध्ये ‘खनिजाची चव’ आहे असं जे म्हणतात तो बोलण्याचा प्रकार आहे. ज्या विक्रेत्यांनी समुद्राच्या शिंपल्यांची चव वाइनमध्ये आहे असं सांगून बाटल्या विकल्या, त्यांनी टेरवारचं नुकसानच केलं.

पण माती चव पाठवत नाही म्हणून ती काहीच करत नाही, असं होत नाही. माती पाणी धरते किंवा सोडते. ऐन जुलैत वेलीला पाणी किती मिळालं यावर मण्यांची फुगवण ठरते. मणी लहान राहिला की रसाच्या मानाने साल जास्त, आणि नेबिओलोचा सगळा तुरटपणा, बराचसा वास सालीत. गरीब जमिनीत वेल पानोऱ्यावर कमी खर्च करते. गाळवट जमीन उशिरापर्यंत ओल देते. उतार दक्षिणेला असेल तर कोवळ्या घडांना सकाळपासून ऊन मिळतं. हे कुठल्याही द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावं लागू नये. एकाच गटातल्या दोन प्लॉटमध्ये फुगवण वेगळी आणि साखर वेगळी येते, म्हणून आपण छाटणीच्या तारखा वेगळ्या धरतो.

यावर मोजून केलेलं कामही आहे. बोर्दोत कोर्नेलिस फान लेउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 ते 2000 या पाच हंगामांत तीन जाती तीन प्रकारच्या जमिनींवर तपासल्या: एक गोट्यांची, एक खाली जड चिकणमाती असलेली, एक वाळूची. 2004 साली त्यांनी निष्कर्ष छापले. सगळ्यात मोठा परिणाम त्या वर्षीच्या हवामानाचा, त्यानंतर जमिनीचा, जातीचा त्याच्याही मागे. आणि हवामान व जमीन हे दोन्ही मुख्यतः काम करतात ते वेलीला मिळणाऱ्या पाण्यातून. हा अभ्यास लांगेचा नाही, बोर्दोचा आहे, पण ‘विज्ञानाने खोटं ठरवलं’ म्हणणाऱ्याने तो वाचायला हवा होता.

‘ब्लाइंड टेस्टिंगमध्ये तज्ज्ञ फसतात’

फसतात. यासाठी 2001 मधला बोर्दोचा प्रयोग सांगितला जातो. पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग घालून ती 54 विद्यार्थ्यांना दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. त्या प्रयोगातून एवढंच दिसलं की डोळा नाकाला फसवतो. पांढरी आणि लाल वाइन एकच असते, असं त्यातून कोणी काढलेलं नाही. मग त्याच प्रयोगावरून बारोलो आणि बार्बारेस्को एकच, असं कसं निघेल? एक अनोळखी ग्लास हातात देऊन ‘सांगा ही कुठल्या गावची’ असं विचारलं तर मीही चुकेन, आणि चुकलोही आहे. दोन ग्लास शेजारी ठेवून ‘या वेगळ्या आहेत का’ असं विचारणं हा दुसरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर नवखा माणूसही देतो.

‘टेरवार हे किंमत चढवायला अलीकडे काढलेलं खूळ आहे’

कान्नुबी 1752 असं लिहिलेली एक बाटली आजही जपून ठेवलेली आहे. कान्नुबी ही बारोलो गावाजवळची टेकडी. म्हणजे बारोलो हे वाइनचं नाव म्हणून रूढ व्हायच्या कितीतरी आधी कोणाला तरी टेकडीचं नाव बाटलीवर लिहावंसं वाटलं. पिएमोंतेच्या बोलीत दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाच्या उताराला ‘सोरी’ आणि टेकडीच्या माथ्याला ‘ब्रिक्को’ म्हणतात. हिवाळ्यात बर्फ जिथे आधी वितळतो तिथे नेबिओलो लावायची, बाकी उतारांवर बार्बेरा आणि दोल्चेत्तो, असं तिथले शेतकरी वाडवडिलांपासून सांगत आले. हे ज्ञान जाहिरात कंपनीने दिलेलं नाही.

अलीकडचं आहे ते त्याचं कागदावर येणं. बार्बारेस्कोतल्या टेकड्यांच्या अधिकृत हद्दी 2007 मध्ये आणि बारोलोतल्या 2010 मध्ये ठरल्या. इथे मजकूर लिहिणाऱ्याला माझ्याकडून एक मोठी कबुली मिळेल: या हद्दींमध्ये पैशाचं राजकारण आहेच. मोनफोर्तेतली बुसिया ही एक ‘टेकडी’ म्हणून नोंदली आहे, तिचं क्षेत्र जवळपास 300 हेक्टर. एवढ्या पसाऱ्यात कितीतरी तोंडांचे उतार आणि दोन-तीन प्रकारच्या माती आहेत, आणि सगळ्यांना लेबलवर एकच नाव. कान्नुबी हे नाव शेजारच्या उतारांनी वापरावं की नाही यावरून उत्पादक कोर्टात गेले, आणि 2013 मध्ये इटलीच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने वापरायला मोकळीक देणारा निकाल दिला. मला तो निकाल पटला नाही. टेकडीचं नाव मोठं झालं की शेजारच्याला ते हवंसं वाटतं, आणि नाव पसरलं की त्यातला अर्थ विरळ होतो. पण लोक ज्या नावासाठी कोर्टापर्यंत भांडतात त्यामागे काहीच नाही, असं म्हणणं मला जमत नाही.

‘नाशिकने या नादाला लागू नये’

या वाक्यामुळेच मी लिहायला बसलो. लांगेत जे कळायला काही शतकं लागली ते आपल्याला लगेच कळणार नाही, हे उघड आहे. आपली जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, त्यांची समुद्राच्या तळाची. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या आणि खुडा जानेवारी ते मार्चमध्ये, त्यांच्याकडे एक छाटणी आणि खुडा ऑक्टोबरात. त्यांची उत्तरं इथे चालणार नाहीत. ‘नाशिक व्हॅली वाइन’ असं भौगोलिक मानांकन आपल्याकडे आहे, पण दिंडोरीची वाइन आणि निफाडची वाइन यांत काय वेगळं आहे हे ठामपणे सांगू शकणारी माणसं अजून मोजकी आहेत. कारण बहुतेक ठिकाणी सगळा माल एकाच टाकीत जातो. एकत्र ओतलेल्या मालातून जागेचा गुण कसा कळणार?

यंदा आम्ही दिंडोरीतल्या दोन प्लॉटची शिराझ पहिल्यांदा वेगळी ठेवली आहे. एक प्लॉट ओढ्याकाठचा, काळ्या भारी जमिनीचा. दुसरा वरच्या अंगाला, मुरमाड. खुंट तोच, छाटणी एकाच आठवड्यातली, फवारण्या सारख्या. मुरमाड प्लॉट आठ दिवस आधी पिकला आणि मणी नुसत्या डोळ्यांनीही कळावं इतके बारीक होते. दोन्ही टाक्यांवर खडूने प्लॉटचे नंबर लिहिले आहेत. परवा वडिलांना दोन्हींतून अर्धा अर्धा कप काढून दिला. ते वाइन पीत नाहीत, त्यांनी नुसता वास घेतला, दुसरा कप परत नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘‘हा वरच्या वावरातला.’’